टेकडीच्या टाकीवरचा थिजलेला आकडा

पाणीपुरवठा खात्यात त्यांना सगळे जाळीवाल्या ताई म्हणायचे. नोकरीला लागल्या तेव्हा साहेबांनी ओळख करून देताना "या आपलं नेटवर्क, म्हणजे जाळं बघणार" असं सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी भांडारातला शिपाई टेप घेऊन टेबलाशी हजर. खिडक्यांना डासांची जाळी कधी बसवणार, मापं आत्ताच घेऊन ठेवू का, असं त्याचं म्हणणं. ताईंनी हसू दाबून त्याला सांगितलं की आपली जाळी डासांसाठी नाही, माणसांसाठी आहे. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे पुढे जाळीवाल्याही गळलं आणि नुसत्या ताई उरल्या.

काम तसं डोळ्यांना न दिसणारं. नदीकाठचं पंपघर, फिल्टर प्लँट, टेकडीवरची टाकी, अशा प्रत्येक ठिकाणी एका कपाटात एक चपटा डबा असतो, त्याला स्विच म्हणतात. पंप, मीटर, फोन, सगळ्यांच्या केबली त्यात खोचलेल्या. कोणत्या मशीननं कोणाशी बोलायचं हे ठरवायला त्या डब्यात एक यादी लिहिता येते. याला सोडा, त्याला अडवा, अशी एकेक ओळ. डबा यादी वरून खाली वाचतो आणि जी ओळ पहिल्यांदा लागू पडेल ती मानून मोकळा होतो. आणि प्रत्येक यादीच्या शेवटी कोणीही न लिहिलेली एक ओळ असतेच असते: वर ज्यांचा पत्ता नाही, ते सगळे बंद.

दोन वर्षं ताई कानीकपाळी ओरडत होत्या की आपल्या डब्यांत यादीच नाही, बिलाच्या खिडकीवरच्या कॉम्प्युटरवरूनसुद्धा कोणीही पंपाशी बोलू शकतं. कोणी मनावर घेतलं नाही. मग दुसऱ्या एका गावात कुणीतरी बाहेरून शिरून पंप बंद पाडल्याची बातमी आली आणि साहेबांना खडबडून जाग आली. आठवड्याच्या आत सगळीकडे याद्या लागल्या पाहिजेत, असा हुकूम सुटला.

त्या दिवशी सकाळी ताई कंट्रोल रूममध्ये लॅपटॉप घेऊन बसल्या. तिथे भिंतभर पडदा, त्यावर सगळ्या टाक्यांची पातळी, आणि पडद्यासमोर मामा. मामा निवृत्तीला आलेले, खात्यातल्या तीन पिढ्यांचे मामा. नदीकाठचं काम सुरळीत झालं. फिल्टर प्लँटचंही झालं. मामांनी चहा मागवला. राहिली टेकडी.

टेकडीचं काम ताईंनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तिथल्या पंपावर त्यांचे धाकटे दीर ऑपरेटर होते आणि वर्षभरात दोघांत एक सरळ शब्द झाला नव्हता. सासूबाईंचं शेवटचं आजारपण ताईंच्या घरी निघालं. डॉक्टरांनी कोणालाही आत सोडू नका म्हणून बजावलेलं. भाऊजी ड्यूटी संपवून तसेच आले, तर ताईंनी त्यांना दारातच थांबवलं. आत्ताच डोळा लागलाय, आज नको, उद्या या, म्हणाल्या. भाऊजी गेले. उद्या उजाडायच्या आत सासूबाई गेल्या. भाऊजी भावाशी बोलत, पुतणीचे लाड करत, पण वहिनीचा फोन आला की कट. ताईंच्या यजमानांनी मध्ये पडून पाहिलं आणि हात टेकले.

तर टेकडी. ताईंची एक चांगली सवय होती. दूरच्या स्विचला हात लावण्यापूर्वी त्या त्याला सांगून ठेवायच्या की थोड्या वेळानं आपणहून रिस्टार्ट हो. केलेला बदल जतन केला नसला की रिस्टार्टनंतर डबा जुन्या घडीवर येतो. म्हणजे चुकून स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं तरी दार पुन्हा उघडतं. काम नीट झालं की रिस्टार्ट रद्द करायचा. टेकडीलाही त्यांनी तसंच केलं, यादी लिहिली आणि ती पोर्टला, म्हणजे डब्याच्या केबल खोचायच्या तोंडाला, जोडली. मग एकेका मशीनला हाक मारून पाहिली. पंपानं ओ दिली, फोननं दिली, टाकीतल्या पातळीच्या सेन्सरनं दिली नाही.

त्यांच्या चटकन लक्षात आलं. गेल्या वर्षी वीज पडून जुना सेन्सर जळला होता. ठेकेदारानं नवा बसवला आणि त्याला भलताच पत्ता देऊन मोकळा झाला, कळवायची तसदी घेतली नाही. यादीत जुना पत्ता, म्हणून नवा सेन्सर बाहेर. ताईंनी यादी पुसली; रिकामी यादी कोणालाच अडवत नाही. सेन्सर लगेच बोलू लागला. त्यांचा जीव भांड्यात पडला. एवढ्यात रिस्टार्टची वेळ जवळ आली. पंप चालू असताना डबा बंद पडायला नको, म्हणून त्यांनी रिस्टार्ट रद्द केला. सेन्सरचा नवा पत्ता घालून यादी दुरुस्त केली आणि सगळ्या ओळी एकदम चिकटवल्या.

यादी पुसली होती, पण पोर्टशी असलेली तिची गाठ त्यांनी सोडली नव्हती. नदीवर आणि फिल्टरवर आधी यादी पूर्ण लिहून मग जोडली होती. इथे ती जोडलेलीच होती. पहिली ओळ डब्यात पडताक्षणी यादी जिवंत झाली, आणि जिवंत यादीच्या शेवटी ती न लिहिलेली ओळ उभीच होती. ताईंच्या लॅपटॉपला सोडणारी ओळ चौथी. ती वाटेतच राहिली.

लॅपटॉपवरचा कर्सर लुकलुकायचा थांबला. ताईंनी कळ दाबली, पुन्हा दाबली. नवी जोडणी करून पाहिली. काही नाही.

पडद्यावर मात्र सगळं आलबेल. टेकडीच्या टाकीची पातळी तीन मीटर नव्वद. मामा निवांत चहा फुंकत होते. नवा आकडा येत नाही तोवर पडदा जुनाच दाखवतो, हे ताईंना ठाऊक होतं. टेकडीवर पंप पूर्ण जोरात चालू होता. टाकी भरत आली की पंप थांबवायचा हुकूम कंट्रोल रूममधून आपोआप जायचा, आणि आता हुकूम जायलाच वाट नव्हती.

मन कसं असतं बघा. पहिल्या क्षणी त्यांना वाटलं, अजून कोणाला काही कळलेलं नाही. दोन मिनिटं खटपट करू, जमेल. त्यांनी दुसऱ्या वाटेनं शिरून पाहिलं, फिल्टर प्लँटच्या स्विचवरून टेकडीचं दार ठोठावलं. यादी चोख काम करत होती, कोणालाही आत घेत नव्हती. गाडीनं टेकडी गाठायची तर पाऊण तास, आणि टाकीला तेवढी सवड नव्हती.

तेवढ्यात त्यांना सकाळचं मामांचं बोलणं आठवलं. टाकीखालच्या संरक्षक भिंतीचं काम चालू होतं. भिंतीच्या पायथ्याशी चर खणून गवंडी आत उतरले होते, आणि त्यांच्या अंगावर पाणी येऊ नये म्हणून टाकीचा सांडव्याचा पाइप बुच मारून बंद केला होता. टाकी भरून वाहिली तर पाणी काठावरून थेट चरात.

ताई उठून मामांच्या खुर्चीशी गेल्या.

"मामा, टेकडीचा आकडा बघू नका. तो मेलाय."

मामांना क्षणभर अर्थच लागेना. आत्ता तर दिसतोय, म्हणाले. ताईंनी सांगितलं की तो मघाचा आहे, माझ्या हातून वाट बंद झालीय, पंप आधी थांबवा. मामांनी कप खाली ठेवला आणि पडद्यावरचं पंप थांबवायचं बटण दाबलं. बटण करडं पडलं, खाली अक्षरं आली: उत्तर नाही. त्यांनी टेबलावरचा फोन उचलून टेकडीचा नंबर फिरवला. रिंगच जाईना. ताई नुसत्या बघत राहिल्या, कारण तो फोनही त्याच डब्यातून जात होता. त्यांच्या एका ओळीनं पंप, पातळी आणि फोन, तिन्ही एकदम मुके केले होते.

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. कंट्रोल रूमच्या माणसांचे मोबाइल बाहेर लॉकरमध्ये असायचे. आत मोबाइल ठेवायची मुभा एकट्या ताईंना होती.

त्यांनी भाऊजींना फोन लावला. दोन रिंग, कट. पुन्हा लावला. कट. एरवी ताईंनी फोन बाजूला ठेवून डोळे पुसले असते. आज डोळे पुसायला वेळ नव्हता. त्यांनी मेसेज लिहिला, घाईत दोनदा चुकला: भाऊजी घरचं नाही. टाकी भरतेय. पंप थांबवा. चरातली माणसं बाहेर काढा.

मेसेज पोचल्याची खूण आली. वाचल्याची येईना. मामा उभे राहून लॉकरकडे निघाले होते, इतक्यात ताईंच्या हातातला फोन वाजला.

"कोण सांगतंय हे?" भाऊजींचा आवाज कोरडा होता. "कंट्रोल रूम, की तुम्ही?"

"मी सांगतेय. चूक माझी आहे, तुमची वाट मी बंद केलीय. मामा इथेच उभे आहेत."

भाऊजी हुकमासाठी अडून राहिले. यामागचं कारण ताईंना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी भाऊजींनी स्वतःच्या अकलेनं पंप थांबवला होता, तर हुकमाशिवाय थांबवला म्हणून त्यांच्या हाती मेमो पडला होता. ताईंनी फोन मामांच्या तोंडासमोर धरला. "थांबव रे बाबा," मामा म्हणाले, "माझा हुकूम आहे, माझ्या नावावर थांबव."

भाऊजींनी एकच सांगितलं, फोन ठेवू नका. मग ते पळायला लागल्याचं ऐकू आलं. खडीवर पावलं, धाप, आणि मग लांबून त्यांची हाक, बाहेर या, सगळं टाकून बाहेर या. कोणीतरी विचारलं काय झालं. भाऊजींनी अशी एक शिवी हासडली की मामांनीही मान वळवली. पुन्हा पावलं. लोखंडी दाराची कुरकुर. आत मोबाइल लागत नाही, उंबऱ्यावर ठेवतोय, असं भाऊजी ओरडले. पंपाचा घरघराट फोनमधून खोलीभर भरला.

पंप एकदम बंद करता येत नाही. टाकीकडे वर चढलेलं पाणी उलटं फिरून पाइपावर आदळतं आणि पाइप फोडतं. आधी व्हॉल्व्हचं चाक हातानं हळूहळू बंद करायचं, मग पंप. ताईंना हे ऐकून माहीत होतं, पण ते चाक फिरवताना माणूस कसा कण्हतो हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. पडद्यावर तीन मीटर नव्वद तसंच थिजलेलं. मामा पुटपुटत चाकाचे फेरे मोजत होते आणि मध्येच चुकत होते.

कुठूनतरी पाण्याचा आवाज यायला लागला. आधी ताईंना वाटलं फोनमधली खरखर आहे.

घरघर थांबली. मग भाऊजी फोनवर आले. "बंद झाला. पण वाहिली. चराची एक बाजू बसली."

"माणसं?" ताईंनी विचारलं.

"बाहेर आहेत. एकाचा पाय मुरगळलाय. बाकी ठीक."

पण काम संपलं नव्हतं. टेकडी अजून आंधळीच होती. ताईंनी फोनवरून भाऊजींना दाराजवळच्या कपाटाशी नेलं. वरून दुसरा डबा, हिरवे दिवे लुकलुकतायत तो, त्याची मागची काळी वायर काढा, थोडं थांबा, परत लावा. भाऊजींनी विचारलं, चुकून दुसरीच काढली तर? ताई म्हणाल्या, दिवे विझले की मला सांगा, मग पुढचं बोलू. दिवे विझले. पुन्हा लागले. न जतन केलेली यादी पुसली गेली. जरा वेळानं पडद्यावरचा आकडा हलला, चार मीटर पन्नास झाला आणि लाल झाला. इतका वेळ गप्प असलेला भोंगा आता बोंबलायला लागला. मामांनी उठून तो बंद केला.

फोन केव्हाच कट झाला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते, पण वरच्यांना उत्तर द्यायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. त्यांनी गोडीगुलाबीनं मांडणी सुरू केली. तांत्रिक बिघाड तर होतच असतात. पण ऑपरेटर पंपघरात हजर असता तर त्यानं डोळ्यांनी पातळी बघून पंप वेळेत थांबवला असता. तो होता कुठे, तर गेटवर. ड्यूटी सोडून गेटवर. आणि तुमचं नाव पुढे आलं तर हे सगळं काम बाहेरच्या कंपनीकडे जाईल, मग तुम्हाला इथे काय उरलं?

ताईंनी रात्री यजमानांना सगळं सांगितलं होतं. ते ताट बाजूला सारून म्हणाले, "तू खोटं बोललीस तर मी त्याच्यासमोर कसा जाऊ, आणि खरं बोलून तुझी नोकरी गेली तर तुला काय सांगू, मला कळत नाही. तूच ठरव." त्या रात्री कोणीच नीट जेवलं नाही.

आता साहेब वाट बघत होते.

"साहेब, पंपघराच्या जाड भिंतीत मोबाइल लागत नाही," त्या म्हणाल्या. "फोन मी तोडलेला. ते गेटवर होते म्हणून माझा मेसेज पोचला. ते जागेवर असते तर आज आपण चरातली माणसं मोजत बसलो असतो."

साहेबांनी पेन उघडलं, मिटलं. ताईंनी पुढे सगळं क्रमानं सांगितलं. यादी कशी पुसली, गाठ कशी राहिली, रिस्टार्ट का रद्द केला, आणि कळल्यावर मामांना सांगायच्या आधी दोन मिनिटं आपण गप्प कसे राहिलो. हे शेवटचं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. सांगताना त्यांची मान खाली गेली, पण सांगून झालं तेव्हा पाठ सरळ होती.

शिक्षा झाली. त्यांची पगारवाढ एक वर्ष पुढे गेली आणि यापुढे स्विचला हात लावताना शेजारी दुसरा माणूस हवाच, असा नियम निघाला. भाऊजींना गेटवर न जाण्याची तोंडी समज मिळाली, मेमो नाही. काम बाहेरच्या कंपनीकडे गेलं नाही, कारण कंपनीनं सांगितलेला आकडा ऐकून वरच्यांचाच उत्साह मावळला. पाय मुरगळलेल्या गवंड्याच्या घरी ताई दोनदा जाऊन आल्या. पहिल्या खेपेला त्याच्या बायकोनं त्यांना बसा म्हटलं नाही. ताई उभ्यानंच बोलल्या आणि परतल्या.

टेकडीची यादी राहिलीच होती. ती जागेवर जाऊनच लावायची, असं ठरलं. ताई मामांना घेऊन वर गेल्या. भाऊजींनी गेट उघडलं, मामांना नमस्कार केला, ताईंना "या" म्हणाले. वर्षभरानं तोंडासमोर उच्चारलेला तेवढाच शब्द.

या वेळी ताईंनी कागदावरच्या पत्त्यांवर विश्वास ठेवला नाही. भाऊजी एकेका मशीनवरची चिठ्ठी वाचत गेले, मामांनी ते आकडे मोठ्यानं पुन्हा म्हटले, ताईंनी लिहिले. पातळीच्या सेन्सरची चिठ्ठी पावसानं धुऊन गेली होती. भाऊजी शिडीवरून टाकीवर चढले, झाकण उघडलं आणि आत वाकून खोदलेला क्रमांक वाचला. ताईंनी खाली शिडी धरून ठेवली. रिस्टार्टची वेळ लावली, यादी पूर्ण लिहिली, मग जोडली. तिघंही पॅनेलकडे बघत उभे राहिले. पंप बोलला. फोन बोलला. सेन्सर बोलायला वेळ लावत होता. मामांनी डोळे मिटून घेतले.

आकडा हलला. तरी ताईंनी रिस्टार्ट लगेच रद्द केला नाही. थोडं थांबू, म्हणाल्या.

मामा हात धुवायला गेले. भाऊजी चाकाला ग्रीस लावत होते. मान न वळवता त्यांनी विचारलं, "त्या दिवशी आईनं माझं विचारलं होतं का?"

ताईंना नाही म्हणून मोकळं होणं सोपं होतं. "विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर. मी म्हटलं, उद्या येतील. मला खरंच वाटलं होतं उद्या आहे म्हणून."

चाकाला ग्रीस लावून झालं होतं तरी भाऊजी लावत राहिले. मामा ओले हात झटकत आत आले आणि विचारू लागले की आता इथे बसून आकड्याची पूजा करायची आहे का, गाडीवाला खोळंबलाय. ताईंनी रिस्टार्ट रद्द केला, बदल जतन केला, आणि जतन झाला का ते पुन्हा एकदा तपासलं.

पुढच्या महिन्यात उरलेली ठिकाणं पूर्ण झाली. शेजारी बसायची पाळी बहुतेक वेळा मामांचीच असायची. ते प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायचे आणि गाठ सोडली का हे इतक्यांदा विचारायचे की ताईंचं डोकं उठायचं. भाऊजी पुन्हा घरी यायला लागले असं काही झालं नाही. मात्र एका दुपारी ताईंचा मोबाइल वाजला. टेकडीच्या पंपघरातल्या फोनवरून होता. पडद्यावर पातळी जरा उड्या मारतेय का बघा, सेन्सरची वायर सैल वाटतेय, भाऊजी म्हणाले. ताईंनी बघितलं, सांगितलं. काम झाल्यावरही फोन लगेच कट झाला नाही. पलीकडून पंपाची घरघर येत होती, आणि भाऊजींनी पुतणीचा निकाल कधी आहे ते विचारलं.